पहिला ऐकणारा

२००२ साली एडो बाउमन हा डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्डी धुंडाळत होता. हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्यांचा त्याला नाद. तिथे त्याला एक एलपी मिळाली : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजित सिंग, ध्वनिमुद्रण मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओतलं, साल १९८२. एका रागाचा एक तुकडा, असे दहा तुकडे. त्यांत ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस, बैरागी. नाव वाचून कुणालाही वाटावं, डिस्कोच्या लाटेत उरकलेला एखादा हलकाफुलका प्रयोग असेल. सुई टेकली आणि जे ऐकू आलं त्याने बाउमन चक्रावून गेला. शिकागोत १९८७च्या सुमारास ज्या नृत्यसंगीताला 'ॲसिड हाउस' म्हणू लागले, त्याचा सगळा ऐवज या तबकडीत पाच वर्षं आधीच हजर होता.

चरणजित सिंग मुंबईचे. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात बसणारे, पडद्यावर नाव न येणारे कसबी वादक. नवी वाद्यं मिळवायची आणि ती अंगवळणी पाडायची त्यांना आवड होती. सिंगापूरहून त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची यंत्रं आणली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही छोटी चंदेरी पेटी. एलपी त्यांनी याच तीन यंत्रांवर केली.

यातल्या ३०३ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, म्हणून कंपनीने ते काढलं. त्यात सोळा घरं. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, हवा तिथे आघात द्यायचा आणि हवी तिथे 'स्लाइड' लावायची. स्लाइड लावली की एक स्वर पुढच्या स्वरावर घसरत जातो. खऱ्या बास गिटारसारखा आवाज या यंत्रातून काही निघेना. विक्री बेताचीच झाली आणि १९८४मध्ये उत्पादन बंद पडलं. पण बाजारात जी उणीव ठरली, ती राग वाजवणाऱ्याच्या पथ्यावर पडली. स्वरांमधून घसरत जाणारा तो चिवट, ओलसर आवाज मींडेच्या बराच जवळ जातो. सिंग यांच्या तबकडीत ८०८चा ठेका एका लयीत धावत राहतो, खाली ३०३ त्याच त्या स्वरांच्या फेऱ्या घालतं आणि वर ज्युपिटरवर रागाची बढत चालते. मालकंसात हे फार खुलतं. रिषभ आणि पंचम वर्ज्य असल्याने स्वरास्वरांत मोठी अंतरं पडतात आणि ती घसरण स्पष्ट कानी येते.

एलपी निघाली आणि विस्मरणात गेली. ना धड शास्त्रीय, ना धड फिल्मी. दुकानदाराने ती ठेवायची तरी कुठल्या फळीवर?

आता शिकागोकडे वळू. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत हेच ३०३ पडेल किमतीला मिळायचं. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तरुणांच्या 'फ्यूचर' या त्रिकुटाने त्याची बटणं वेडीवाकडी फिरवून एक लांबलचक तुकडा टेपवर घेतला आणि ती टेप 'म्युझिक बॉक्स' या क्लबात रॉन हार्डी या डीजेच्या हाती दिली. पुढचा किस्सा नृत्यसंगीताच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. हार्डीने तो तुकडा लावला आणि लोक नाचायचे थांबले. थोड्या वेळाने त्याने तो पुन्हा लावला. त्या एका रात्रीत चार वेळा लावला आणि चौथ्या वेळी सगळा क्लब बेभान झाला. १९८७मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' या नावाने त्याची रेकॉर्ड निघाली.

शिकागोच्या त्या पोरांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती, असं मुळीच नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या वाटांनी एका आवाजापाशी पोचलं. फरक पडला तो पुढे. शिकागोच्या तुकड्याला हार्डी भेटला. लोकांनी पाठ फिरवली तरी तो हटला नाही. मुंबईच्या तबकडीला असा पहिला ऐकणारा भेटायला दोन दशकं लागली. बाउमनने सिंग यांचा शोध घेतला, परवानगी मिळवली आणि 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या छोट्या लेबलतर्फे २०१०मध्ये ती पुन्हा काढली. तेव्हा हा बनाव असल्याची कुजबुज झाली. ॲफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराने खोटं नाव घेऊन हे केलं असावं, असंही काहींना वाटलं. पुढे सिंग स्वतः युरोपातल्या मंचांवर हे राग वाजवू लागले आणि शंका मिटल्या. जुलै २०१५मध्ये ते गेले. आपली एलपी जगाने ऐकलेली त्यांना पाहता आली, याचं मोल फार मोठं आहे.

असा ऐकणारा संस्थेच्या आत असेल तर काय घडतं, ते बीबीसीच्या जॉन पीलने दाखवलं. १९६७मध्ये 'रेडिओ वन' सुरू झालं तेव्हापासून २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने तिथे नवं संगीत वाजवलं. कुणाचीही टेप यावी, पीलने ती ऐकावी आणि आवडली तर रात्री देशभर लावावी. सप्टेंबर १९७८मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या 'द अंडरटोन्स' या पोरसवदा बँडचं 'टीनेज किक्स' त्याने लावलं आणि संपताच लगेच पुन्हा लावलं. बेलफास्टच्या 'गुड व्हायब्रेशन्स' या चिमुकल्या लेबलची ती रेकॉर्ड होती. पीलच्या कार्यक्रमासाठी चार हजारांहून अधिक खास ध्वनिमुद्रणं झाली. पंक, रेगे, झिम्बाब्वेचा 'भुंडू बॉइज' आणि पुढे इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्याकडे एकाच रात्री शेजारी शेजारी बसायचं. ऐकणाऱ्याला पुढच्या गाण्याचा अंदाज बांधता येत नसे आणि लोक त्यासाठीच जागत.

गोव्यात रेडिओची गरजच पडली नाही. १९८०च्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर युरोपातून येणारे प्रवासी पिशवीत कॅसेटी घेऊन येत. उन्हात आणि वाळूत तबकड्या टिकत नाहीत, म्हणून तिथले डीजे कॅसेटीवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवत. लॉराँ नावाचा फ्रेंच डीजे युरोपी गाण्यांतले गायनाचे भाग काढून नुसता ताल आणि सिंथ जोडून लावायचा. सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन इथे रुजलेला गोवा गिल रात्ररात्र वाजवायचा. टेपांची देवाणघेवाण हाच तिथला प्रसार. त्यातून जे घडलं ते नव्वदीत 'गोवा ट्रान्स' म्हणून युरोपात परत गेलं.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या 'रिदम हाउस'ने अनेक पिढ्यांना वेगवेगळ्या संगीताचा असाच शेजार दिला. तिथे गाणं ऐकून बघता यायचं आणि फळीवर शोधताना भलतंच काही हाती लागायचं. २०१६मध्ये ते बंद झालं. तोवर गाणी फोनमध्ये आली होती आणि शिफारशीचं काम यंत्राकडे गेलं होतं. 'स्पॉटिफाय'ने जुलै २०१५मध्ये 'डिस्कव्हर वीकली' आणलं : दर सोमवारी तीस गाणी, प्रत्येकाला वेगळी. त्यामागचं मुख्य तत्त्व सोपं आहे. तुमच्या आवडीची गाणी ज्यांच्या यादीत आहेत, त्यांच्या यादीतलं तुम्ही न ऐकलेलं गाणं तुमच्यापुढे ठेवायचं. गाण्याचा आवाज तपासणारी तंत्रंही जोडीला असतात. पण ज्याला अजून कुणी ऐकलेलंच नाही, त्याची यंत्राकडे नोंद कुठून असणार? शिवाय २०२४पासून वर्षभरात एक हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफायवर मोबदला मिळत नाही. म्हणजे तळाशी असलेल्याला वर ओढायला माणूसच हवा.

'बँडकँप' इथे खरोखर कामाला येतं. २००८मध्ये सुरू झालेलं हे दुकान. डिजिटल विक्रीतला पंधरा टक्के वाटा ते घेतं, पैसे देवघेवीचा खर्च वेगळा, बाकी कलाकाराचं. मार्च २०२०मध्ये साथीच्या दिवसांत एका शुक्रवारी त्यांनी आपला वाटा सोडला आणि मग असे शुक्रवार अधूनमधून येत राहिले. पण खरी गंमत अल्बमच्या पानावर आहे. तो कुणी कुणी विकत घेतला ते तिथे दिसतं. त्यातल्या एकाच्या नावावर बोट ठेवलं की त्याचा अख्खा संग्रह उघडतो. पदरचे पैसे मोजून घेतलेली गाणी असल्याने या यादीवर विसंबता येतं. एका अनोळखी माणसाची आवड आपल्याशी जुळली की तासभर सहज जातो.

आणि मग असं सापडलेलं गाणं पुढे द्यायचं. पन्नास गाण्यांची यादी पाठवली तर कुणी उघडत नाही. एकच गाणं पाठवावं, सोबत कुठे कान द्यायचा तेही लिहावं. 'लिफाफा' या नावाने सूर्यकांत साहनी याने केलेला २०१९चा 'जागो' हा अल्बम कुणाला सुचवायचा असेल, तर जुन्या हिंदी गाण्यांच्या वळणाचा त्याचा गळा यांत्रिक तालावर कसा निवांत बसतो, ते सांगावं. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिपहॉप गटाचं 'द वारली रिव्होल्ट' द्यायचं तर आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यांचा आवाज येतो, तिथे कान द्यायला सांगावं. हेडफोन लावून ऐका, असंही कळवावं. फोनच्या स्पीकरमधून त्यातला अर्धा बास ऐकूच येत नाही.