तब्येत कशी आहे, आजी?

पुण्याजवळच्या रहाटणीतल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी बाकांवर म्हातारी माणसं बसलेली असतात. पवनेकाठचं हे एके काळचं शेतीवाडीचं गाव आता उंच इमारतींनी भरून गेलंय. बाकावरच्यांत मूळचे गावकरी थोडे. मुलाच्या नोकरीमागे लातूर, बीड, सोलापूर, बुलढाण्याहून आलेले बरेच. त्यांना तब्येतीचं विचारा. "बरंय की." "चाललंय." "आता वयच झालं, काय व्हायचं?" एवढ्यावर विषय संपतो, कारण हे उत्तर म्हणजे निव्वळ रीत, असं आपण धरून चालतो. खरं काय ते रक्ताचा रिपोर्ट सांगेल, अशी आपली खात्री असते.

आता गंमत ऐका. १९७१ साली कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात ६५ वर्षांपुढच्या ३,१२८ लोकांना एक साधा प्रश्न विचारला गेला: तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत कशी आहे? उत्तम, चांगली, बेताची की वाईट? त्या प्रांतात सरकारी आरोग्यविमा असल्यामुळे कोण किती वेळा डॉक्टरकडे गेलं, कोणाला काय आजार आहेत, हेही कागदोपत्री होतंच. मग काही वर्षं कोण गेलं आणि कोण राहिलं याचा माग ठेवला. जाना मॉसी आणि एव्हलिन शापिरो या दोन संशोधिकांनी १९८२ मध्ये हिशोब मांडला. "वाईट" म्हणणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका "उत्तम" म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. आणि हे उत्तर दवाखान्याच्या नोंदींपेक्षा मृत्यूचा अंदाज जास्त चांगला देत होतं! पुढे १९९७ मध्ये एलन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी जगभरातले असे २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी तेच दिसलं.

हे कसं होतं? संशोधकांचे तर्क बरेच आहेत, पण मला पटणारा असा. रिपोर्ट एका सकाळचा असतो. माणूस मात्र स्वतःच्या शरीराबरोबर साठ-सत्तर वर्षं राहिलेला असतो. गेल्या वर्षी जिना चढताना कुठल्या पायरीवर दम लागायचा आणि यंदा कुठल्या, भाकरी दीडवरून एकवर कधी आली, आईवडील कितव्या वर्षी आणि कशाने गेले, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे सगळं मनातल्या मनात एकवटून तो एक शब्द उच्चारतो. कुठल्याही प्रयोगशाळेत इतक्या गोष्टींची एकत्र बेरीज करणारं यंत्र नाही.

पण मॅनिटोबा म्हणजे मॅनिटोबा. शाळेत न गेलेल्या, जन्मतारीख माहीत नसलेल्या, दुखणं अंगावर काढायची सवय असलेल्या माणसांच्या बाबतीत हे चालेल का? याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. चाकण-शिक्रापूर रस्ता ज्या भागाकडे जातो, तिथे भीमेकाठी वढू बुद्रुक आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे नाव सगळ्यांना ठाऊक. आरोग्यसंशोधनाच्या जगात ते वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. ज्या कामासाठी त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात गावातल्याच बायका-मुलींना शिकवून आरोग्यसेविका करणं हा मोठा भाग होता. २००२ पासून वढूच्या परिसरातल्या २२ गावांत घरोघरी नोंदणी चालते. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण बाहेरून आलं, कोण निघून गेलं, हे विचारायला कार्यकर्ते वर्षातून दोनदा प्रत्येक दारी जातात.

२००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्य-अभ्यासाचा भाग म्हणून इथल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून जास्त लोकांना तसाच प्रश्न विचारला गेला. आशिया-आफ्रिकेतली अशी आठ केंद्रं होती; त्यांत घानातलं नाव्रोंगो, बांगलादेशातलं मतलब, दक्षिण आफ्रिकेतलं अगिनकोर्ट आणि त्यांच्या पंगतीला आपलं वढू. मग दर फेरीतल्या मृत्यूच्या नोंदी त्या उत्तरांशी जुळवून पाहिल्या. डॉ. सिद्धिविनायक हिरवे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. शिरूर-हवेलीकडच्या शेतकऱ्याने बांधावर बसून दिलेलं उत्तरही मृत्यूची चाहूल देत होतं. पुरुषांमध्ये हा संबंध ठळक होता. बायकांमध्ये तितका ठळक नव्हता.

इथे मी थबकतो. बायकांमध्ये तितका का नाही?

याची नेमकी उकल त्या आकड्यांतून होत नाही. पण एक जुनी, अंगावर काटा आणणारी नोंद आठवते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात एका सरकारी संस्थेने विधवा आणि विधुरांना तब्येतीबद्दल विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या किती? २.५ टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेचं उपासतापासाचं, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं आयुष्य पाहता या बायका विधुरांपेक्षा वीसपट धडधाकट होत्या, यावर कोण विश्वास ठेवेल? अमर्त्य सेन हे उदाहरण पुन्हा पुन्हा देत आले. त्यांचंच दुसरं उदाहरण केरळचं: देशात तेव्हा सर्वांत जास्त आयुर्मान असलेल्या केरळात आजारी असल्याचं सांगणारे सर्वाधिक, आणि बिहारमध्ये ते सर्वांत कमी. ज्याला शाळा आणि दवाखाना मिळाला त्याला दुखणं हे दुखणं म्हणून कळतं. ज्याला मिळाला नाही तो त्याला नशीब म्हणतो.

म्हणजे पेच असा की म्हाताऱ्या माणसाचा शब्द थक्क करण्याइतका खरा असतो, आणि त्याच वेळी त्याच्या मागे दबलेलं आयुष्य त्या शब्दाला वाकवतही असतं. मग ऐकायचं कसं?

यावर जी युक्ती निघाली ती मला फार आवडते. जुना वाणी वजन करण्याआधी तराजूचा पासंग पाहायचा: पारडी रिकामी असतानाच दांडी कुठे झुकते ते बघायचं, मग माल घालायचा. संशोधकही तेच करतात. आजींना त्यांच्या तब्येतीचं विचारतात आणि त्याबरोबर एका कल्पित बाईची गोष्ट सांगतात. समजा, शांताबाई घरातल्या घरात नीट हिंडतात, पण दोन जिने चढल्या की धापा टाकत थांबतात. तुमच्या मते शांताबाईंना चालण्याफिरण्याचा किती त्रास आहे? काहीच नाही, थोडा, बराच? एखादी आजी म्हणेल, "ह्यात कसला त्रास? दोन जिने कोण चढतं एका दमात!" दुसरी म्हणेल, "अगं बाई, फारच की." शांताबाई दोघींसाठी तीच आहे. म्हणून उत्तरांतला फरक हा त्या दोघींच्या पासंगाचा फरक. तो कळला की त्यांच्या स्वतःबद्दलच्या उत्तरातून तेवढा वजा करता येतो. दुखणं, झोप, नजर, आठवण, उदासी, अशा प्रत्येक बाबतीत वेगळ्या गोष्टी असतात, आणि पात्रांची नावं त्या त्या मुलखातली घेतात.

हार्वर्डचे गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांचं एक उदाहरण राजकारणातलं होतं. सरकारच्या कारभारात तुमचं किती चालतं, या प्रश्नाला चिनी लोकांनी मेक्सिकोच्या लोकांपेक्षा जास्त होकार दिला होता. कल्पित माणसांच्या गोष्टी लावून पासंग काढला, तेव्हा चित्र उलटं झालं. वढूसह आशिया-आफ्रिकेतल्या केंद्रांत तीच युक्ती म्हाताऱ्यांच्या तब्येतीसाठी वापरली गेली. मला यातली अदब भावते. आजींचं उत्तर चुकीचं ठरवून बाजूला टाकलेलं नाही. त्यांचीच नजर वापरून ते सरळ केलंय.

पुढे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांपुढचे आणि त्यांचे जोडीदार अशा मिळून ७२ हजारांहून जास्त भारतीयांचा मोठा अभ्यास केला. त्याचा पहिला अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. त्यात प्रश्नांबरोबर मुठीची ताकद, चालण्याचा वेग, फुप्फुसाचा जोर हेही मोजलं. मूठ किती घट्ट आवळता येते यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज येतो, हेही तसं नवलच.

मात्र कुठलीही युक्ती एका जागी अडते: विचारणारा कोण, आणि शेजारी कोण बसलंय. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. त्यातल्या ४५ टक्के बायकांची काही तक्रारच नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्क्यांना एक ना एक स्त्रीरोग निघाला, सरासरी एका बाईमागे साडेतीनहून जास्त. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतकी वर्षं हे ओठांवर आलं नाही, कारण ज्याला सांगावं असं समोर कोणी नव्हतं. याच जोडप्याने पुढे आदिवासींसाठी दवाखाना बांधताना आधी त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, असं लोकांनी सांगितलं. म्हणून शोधग्राम या त्यांच्या ठिकाणचा दवाखाना झोपड्यांचा झाला, सोबतच्यांना राहायला जागा असलेला, माँ दंतेश्वरी देवीच्या नावाचा.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी त्याच्याही आधी, १९७० पासून, हेच आणखी पुढे नेलं होतं. गावाची आरोग्यसेविका म्हणून निवडलेल्या बायकांत कित्येक निरक्षर, दलित, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्यांना गाव पाणवठ्यावर येऊ देत नव्हतं, त्यांच्या हाती बाळंतपण आणि बाळाचं वजन आलं. डॉक्टरला जे कळलं नसतं ते त्यांना कळायचं, कारण त्या विचारायला नवख्या घरात जात नव्हत्या.

रहाटणीत असा अभ्यास करायचा झाला तर पहिली अडचण दारातच येईल. प्रश्न आजींना, उत्तर सुनेचं: "त्यांना काही त्रास नाही हो, गोळ्या वेळेवर देतो आम्ही." संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायचा तर लिहितावाचता येणारा तटस्थ साक्षीदार लागतो, हा नियम आहे आणि योग्यच आहे; पण फ्लॅटमध्ये तो तटस्थ माणूस बहुधा मुलगाच असतो, म्हणजे तटस्थ नसतोच.

दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची. इथले कित्येक आजी-आजोबा पूर्ण इथले नसतातच. पेरणीला गावी, दिवाळीनंतर इकडे, नातवाच्या परीक्षेला थांबायचं, आषाढीला पुन्हा गावी. रेशनकार्ड गावचं, बीपीच्या गोळ्या इथल्या. वर्षातून दोनदा दार वाजवणाऱ्या नोंदवहीतूनही ते दोन्हीकडे निसटू शकतात: गावात विचारलं तर "पुण्याला गेल्यात", इथे विचारलं तर "गावी गेल्यात". अशा माणसांना सोबत घेऊन अभ्यास आखायचा तर प्रश्नावली छापण्याआधीच त्यांना विचारावं लागेल: कोणत्या महिन्यात यायचं, कोणत्या घरी यायचं, आणि सून कामावर गेल्यावर यायचं की ती घरात असताना.