शेताचा तंटा आणि फौजदारीची पायरी

वडिलार्जित जमिनीचे तंटे आपल्या समाजाला नवे नाहींत. घरें शिकलीं, मुलें परगांवीं स्थायिक झालीं, तरी गांवच्या चार गुंठ्यांपायीं सख्ख्या भावांचें बोलणें बंद झाल्याचें उदाहरण प्रत्येकाच्या आप्तवर्गांत निघेल. हे तंटे दिवाणींत चालतात तोंवर त्रास वेळेचा व पैशाचा असतो. परंतु एखाद्या दिवशीं एक पक्ष दुसऱ्यावर चोरीची फिर्याद देतो, आणि ज्यानें जन्मांत कोणाच्या काडीस हात लावला नाहीं असा मनुष्य आरोपी म्हणून उभा राहतो. अशा वेळीं कायदा काय पाहतो, हें घरांतील प्रत्येक जाणत्या स्त्रीपुरुषास ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

एक कल्पित उदाहरण घेऊं. कोंकणांत एका कुटुंबाची वडिलोपार्जित आंब्याची बाग आहे. वडील वारले, वाटणी झाली नाहीं, वहिवाट थोरल्या भावाकडे, बहीण सासरीं. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन मुलीला मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या वेळीं वडील हयात नसले तरी तो हक्क लागू आहे, असें सुप्रीम कोर्टानें २०२० सालीं स्पष्ट केलें. हें समजल्यावर बहीण वैशाखांत आपल्या मुलास घेऊन बागेंत जाते, दिवसाढवळ्या दोन कलमांचे आंबे उतरवते, आणि भाऊ चोरीची फिर्याद ठोकतो. ही चोरी झाली काय?

जमीन स्वतः चोरतां येत नाहीं, आणि भूमीस जडलेलें झाड वा फळही त्या स्थितींत चोरीचा विषय नव्हे. मात्र तें तोडून अलग होतांच जंगम माल बनतें. म्हणूनच जमिनीचे तंटे चोरीच्या कलमाखालीं येतात ते आंबे, कापलेलें पीक किंवा तोडलेलें लांकूड यांच्या निमित्तानें. पण १८६० च्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमानें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमानें, चोरीचा आत्मा ठरविला आहे तो ‘अप्रामाणिक’ हेतु. ज्यावर आपला कायदेशीर अधिकार नाहीं तें गैरमार्गानें मिळविणें, किंवा दुसऱ्याचें तसें नुकसान करणें, हा तो हेतु. जी वस्तु आपलीच आहे असें मनापासून वाटतें ती घेणाऱ्याच्या ठायीं हा हेतु संभवत नाहीं. बंगालमधील एका तळ्याच्या मासळीवरून झालेल्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें हेंच तत्त्व सांगितलें: हक्काचा दावा खऱ्या मनाचा असेल आणि त्यास कायद्याचा कांहीं तरी आधार दिसत असेल, तर तो पुढें दिवाणींत टिको वा न टिको, चोरी होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कायद्याचें अज्ञान ही सबब चालत नाहीं ना? ती चालत नाहींच. चोरी हा गुन्हा आहे हें मला ठाऊक नव्हतें, असें म्हणणाऱ्याची सुटका नाहीं. परंतु अमुक वस्तु कोणाच्या मालकीची, याविषयींची समजूत, मग ती वारसा कायद्याच्या चुकीच्या अर्थावरून झालेली कां असेना, हेतूचा प्रश्न ठरवितांना विचारांत घ्यावीच लागते.

मात्र नुसतें ‘मला तसें वाटलें’ म्हणून भागत नाहीं. समजूत खरी कीं बनावट, हें कोर्ट वर्तनावरून ताडतें. आंबे दिवसा उतरविले कीं रात्रीं? आधीं नोटीस दिली होती काय? सात-बारावर नांव आहे काय, सारा कोणी भरला, पूर्वीं उत्पन्नाचा वाटा मिळत असे काय? आमच्या उदाहरणांतील बहिणीनें पूर्वींच नोंदणीकृत हक्कसोडपत्र लिहून दिलें असेल आणि तें तिला पुरतें स्मरत असेल, तर हक्काची भाषा हा केवळ बहाणा ठरेल.

बेकायदा प्रवेशाच्या गुन्ह्यांतही हेतूच मुख्य आहे. समोरच्यास उपद्रव होईल एवढें ठाऊक असणें पुरेसें नाहीं. उपद्रव देणें, धमकावणें वा गुन्हा करणें हाच प्रवेशाचा उद्देश असला पाहिजे, असें सुप्रीम कोर्टाच्या निर्णयांनीं ठरलें आहे.

आतां या बचावाची सीमा सांगितली पाहिजे, कारण घरें बुडतात तीं येथें. प्रामाणिक समजूत चोरीचा डाग पुसते. तिनें काठी उचलण्याचा परवाना मिळत नाहीं. पांच किंवा अधिक माणसें जमवून बळानें ताबा घेणें, किंवा ‘खरा अथवा मानलेला हक्क’ बजावणें, हेंच बेकायदा जमावाच्या व्याख्येंत स्पष्टपणें घातलें आहे. म्हणजे हक्क खरा असूनही जमाव गुन्हेगार ठरतो. शिवाय ज्याचा ताबा स्थिरावला आहे त्यास, तो मालक नसला तरी, कायद्यावांचून हुसकतां येत नाहीं. उलट त्यालाच संरक्षणाचा अधिकार पोंचतो.

मग करावें काय? शेतजमिनीचा ताबा बेकायदा गेला किंवा वाट वा पाणी अडविलें, तर सहा महिन्यांच्या आंत १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमानेंही तितक्याच मुदतींत, मालकीचा प्रश्न न काढतां, दिवाणी कोर्टांतून गेलेला ताबा परत मिळवितां येतो. शांतताभंगाचें भय असल्यास मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष ताबा कोणाचा एवढें पाहून हुकूम करतो. आणि सर्वांत बरें म्हणजे वडीलधारी माणसें हयात असतांनाच रीतसर वाटणीपत्र करून, मुलींसह सर्वांच्या सह्या घेऊन, तें नोंदवून ठेवणें.

फिर्याद देणाऱ्यानेंही एक गोष्ट ध्यानीं धरावी. हक्काचा वाद चोरी म्हणून रंगविल्यानें बहुधा खटला टिकत नाहीं, आणि नातें मात्र कायमचें तुटतें. आंबा पुढच्या वर्षीं पुन्हा मोहरतो. भावाच्या दारांतून आरोपी होऊन गेलेली बहीण भाऊबीजेला परत येतेच असें नाहीं.