वाढवलेलं दुकान

रात्री साडेदहाला आमच्या घरात बाबांची फेरी निघते. गॅसचा कॉक, मोरीतला नळ, दाराची कडी, आणि शेवटी भिंतीवरची बटणं. बटण चालू ठेवून झोपणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ सोडून गावाला जाणं.

गेल्या उन्हाळ्यात मी एका भाषांतराची फाइल उघडीच ठेवून संगणक 'स्लीप'वर टाकला आणि झोपायला गेलो. सकाळी डबा गार. फेरी होऊन गेली होती. रात्रीची शेवटची चार पानं 'सेव्ह' केलेली नव्हती, ती गेली. बाबा म्हणाले, "अरे, स्क्रीन काळी होती, मला वाटलं बंदच आहे." त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. काळ्या पडद्यामागे नक्की काय चालतं हे मलाही धड ठाऊक नव्हतं. म्हणून प्लग आणि भिंत यांच्यामध्ये लावायचा एक वॉटमीटर आणला आणि चार-पाच रात्री त्याच्यासमोर बसून काढल्या.

स्लीप दाबलं की आधी पडदा जातो. मग क्षणभर काहीच घडत नाही. मग हार्डडिस्क आतून 'टक्' करते, म्हणजे वाचणारं टोक तबकडीवरून उचलून बाजूला ठेवलं गेलं. पंखा उतरत उतरत थांबतो आणि पुढचा दिवा संथ लुकलुकू लागतो. माउसच्या पोटातला लाल उजेड मात्र तसाच. मीटरवर मघाशी ५२ वॉट होते, आता २.

हे दोन वॉट मुख्यतः रॅमच्या पोटापाण्यासाठी. रॅममधला प्रत्येक कण म्हणजे विजेची एक गळकी घागर. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या घागरी पुन्हा भराव्या लागतात, नाहीतर त्यात काय होतं तेच पुसलं जातं. संगणक झोपतो तेव्हा प्रोसेसर, पंखा, डिस्क सगळे सुट्टीवर जातात, पण घागरी भरणं रात्रभर चालू राहतं. म्हणून सकाळी कळ दाबली की दोन सेकंदांत काल सोडलेली ओळ, काल सोडलेला कर्सर. आणि म्हणूनच बाबांच्या एका बोटानं चार पानं गेली.

मग रीतसर 'शट डाउन' केलं. दिवा विझला, माउस विझला, मीटरवर १.

"बंद म्हणजे बंद ना? मग हा एक कशाचा?" बाबा आता शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

उत्तर जुनं आहे. विंडोज ९५च्या काळात शट डाउन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची: आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आपण उठून खरोखरचं बटण खट्कन दाबायचं. पुढे १९९५मध्येच इंटेलनं आणलेली एटीएक्स रचना घरोघरी पोचली आणि ते बटण नुसतं विनंतीचं झालं. तेव्हापासून पॉवर सप्लाय पाच व्होल्टची एक बारीक धार कायम सोडून ठेवतो, कोणी बटण दाबलं तर कळावं म्हणून. संपूर्ण बंद करण्याचा अधिकार संगणकाकडून भिंतीकडे गेला तो असा.

खरा धक्का पुढे होता. टास्क मॅनेजरमध्ये संगणक किती वेळ चालू आहे ते दिसतं. मी सलग अकरा दिवस रोज रात्री शट डाउन करत होतो, भिंतीवरचं बटणही बंद होत होतं, आणि आकडा सांगत होता: अकरा दिवस अखंड चालू. २०१२च्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे, त्याचा हा प्रताप. शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुन्हा रॅममध्ये मांडला जातो. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. फळी लागते, पडदा ओढला जातो, आतला माल जिथल्या तिथे. तसंच हे. गाभ्यात काही बिनसलेलं असेल तर तेही सकाळी तसंच हजर. झाडलोट हवी असेल तर 'रीस्टार्ट'. शट डाउनपेक्षा रीस्टार्ट अधिक पक्कं बंद करतं, हे बाबांना पटवायला मला दोन चहा लागले.

बिलाचा हिशेब त्यांनीच मांडला, जुन्या पाकिटाच्या मागे. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला स्लीपमध्ये ०.६ युनिट, शट डाउनमध्ये ०.३. नुसता चालू ठेवला तर साडेपंधरा. तेव्हा भांडण स्लीप आणि शट डाउनचं नव्हेच, जागं ठेवण्याचं आहे. मग मीटर घेऊन बाबा घरभर हिंडले. सेट टॉप बॉक्स रिमोटनं 'बंद' असताना ९ वॉट. वायफायचा राउटर ८, तोही दिवसरात्र, म्हणजे महिन्याला पावणेसहा युनिट. राउटरचं बटण फेरीत कधीच नव्हतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

रोज चालू-बंद करून यंत्र झिजतं, हा समज मी कॉलेजपासून बाळगून होतो. डेस्कटॉपच्या जुन्या हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात पन्नास हजार चालू-बंद सोसण्याचा आकडा असे. दिवसाला दोनदा म्हटलं तरी अडुसष्ट वर्षं. विषय संपला.

झोपेचा त्रास निराळाच निघाला. एका रात्री दोन वाजता खोलीत उजेड. संगणक आपोआप उठून बसला होता. विंडोजची स्वयंचलित देखभाल मुळात रात्री दोनलाच ठरलेली असते आणि त्यासाठी झोपलेल्या संगणकाला उठवायची मुभा एका चौकोनातल्या खुणेनं मिळते. ती खूण काढली. तरी आणखी एकदा उठला. खालून जड ट्रक गेला होता, टेबल हललं, माउस हलला. माउसचा तो अधिकारही काढून घेतला. लॅपटॉपवाल्यांचे हाल वेगळे. नव्या लॅपटॉपची झोप अर्धवट जागीच असते, फोनसारखी, आणि दप्तरात घातलेला लॅपटॉप बाहेर काढावा तर तव्यासारखा गरम.

शेवटी तोडगा निघाला तो 'हायब्रिड स्लीप'चा. झोपताना सगळं रॅममध्ये राहतंच, शिवाय एक प्रत डिस्कवर उतरते. लाईट असेल तर दोन सेकंदांत जाग, गेली तर मिनिटभर उशीर, पण ओळ शाबूत. डेस्कटॉपवर ही सोय सहसा चालूच असते. माझ्याकडे ती बंद होती. बहुधा मीच कधीतरी डिस्कवरची जागा वाचवण्याच्या भरात बंद केली असणार. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आता आठवडाभर स्लीप, रविवारी रीस्टार्ट. बटणावर बाबांनी चिकटपट्टी लावली आहे. दिवाळीत आत्या आली होती, तिनं चिकटपट्टीसकट बटण बंद केलं. सकाळी सगळ्या खिडक्या जिथल्या तिथे उघडल्या.

परवा दुपारी वळवानं गाठलं. पहिला गडगडाट झाला तसे बाबा आतून ओरडले, "बटण नको, प्लगच काढ!" ते बरोबर होतं. वीज कोसळली तर बटणातल्या तेवढ्याशा फटीला ती जुमानत नाही. संगणक बंद केला, प्लग उपसला, मीटरचा पडदा कोरा झाला. आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल तेवढा घड्याळ चालवत राहिला.