टाचणीनं सापडणारी गाठ

नखाखालच्या ग्लोमस गाठीची सूक्ष्मदर्शकाखालची नेमकी ओळख पिएर मासों यांनी 1924 साली पटवून दिली, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. त्याआधी 1812 मध्येच विल्यम वुड यांनी या दुखऱ्या गाठीचं वर्णन केलं होतं. बोटाच्या टोकात थंडी-उष्णतेनुसार रक्तप्रवाह कमीजास्त करणारे बारीक पुंजके असतात, त्यांचीच ही काही मिलिमीटरची वाढ. बहुतेक वेळा कर्करोगाशी तिचा संबंध नसतो. 1944 मध्ये लव्ह यांनी टाचणीची खूण दिली: एका बिंदूवर दाबलं की जीव कळवळतो, शेजारी दाबलं तर काही नाही. 1970 मध्ये हिल्ड्रेथ यांनी दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून रक्त थांबवलं की कळ ओसरते, हे दाखवलं. म्हणजे निदानाचा खर्च एक टाचणी, एक पट्टा आणि गारव्यानं कळ उठते का हे बघायला वाटीभर बर्फ.

खरी गफलत नव्वदच्या दशकात झाली. एमआरआय शहरोशहरी पोचू लागला आणि बोट हातात धरून बघण्याची सवय सुटत गेली. वडोदऱ्याच्या निजामपुऱ्यातल्या एखाद्या बाईनं पौषातल्या सकाळी गार पाण्यात भांडी घासताना नखातून खांद्यापर्यंत कळ जाते म्हणावं, तर फोटो निघायचा मानेचा. तिथून सयाजी रुग्णालय काही लांब नाही. पण केस पेपर काढायचा कोणत्या खिडकीवर, हाडांच्या की मज्जातंतूंच्या, हेच ठरेना. मानेत काही सापडलं नाही की दुखणं मनाचं ठरवून मोकळं व्हायचं, हा त्या काळातला सर्वांत उद्धट उपचार. आजही तो बंद पडलेला नाही.

गाठ दुर्मीळ, मग गल्लीतल्या डॉक्टरांना ती सुचणार कशी, असं म्हणतील. गाठ दुर्मीळ असेल, तक्रार मात्र पाठ केल्यासारखी ठरलेली: कळ, एकाच बिंदूवरचा दुखरेपणा, गारवा न सोसणं. नखावर निळसर छटा किंवा उभी रेघ दिसली तर ती वर. एमआरआयचं यंत्र निरुपयोगी, असं मात्र कोणी समजू नये; त्याचं काम पुढं येतं. शस्त्रक्रियेत बोट बधिर करतात, मुळाशी रक्त अडवतात, नख उचलून भिंगातून गाठ सबंध काढतात आणि नखाची गादी बारीक टाक्यांनी शिवतात. कण राहिला तर कळ परतते. तेव्हा परतलेल्या कळेला टाक्यांचं दुखणं म्हणून महिनोन्महिने टोलवण्यापेक्षा एमआरआय करावा. त्याची खरी जागा ती आहे.