मुक्तिसदनातील दिनचर्या व सेवा : केडगाव येथील ख्रिस्ती बालगृहाचा एक अभ्यास

प्रस्तावना

अनाथाश्रमांचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थापकांच्या चरित्राच्या अंगाने लिहिला गेला आहे. इमारत केव्हा उभी राहिली, देणगी कोठून आली, कोणत्या मान्यवरांनी भेट दिली, यांच्या नोंदी त्यात विपुल सापडतात. आश्रमातील मूल पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करीत होते, त्याच्या पानात कोण वाढत होते, ते आजारी पडले म्हणजे उशाशी कोण बसत होते, या प्रश्नांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. संस्थेचे खरे धोरण तिच्या घटनेपेक्षा तिच्या स्वयंपाकघरात व वेळापत्रकात अधिक स्पष्टपणे वाचता येते. या दृष्टीने पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या मुक्तिसदनाच्या दैनंदिन जीवनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आश्रितांनीच आश्रितांची सेवा करावी, हे या संस्थेच्या दिनचर्येचे मुख्य सूत्र होते. तिचे सामर्थ्य या सूत्रात होते, आणि तिच्यासंबंधीचा सर्वांत अवघड प्रश्नही या दिनचर्येतच दडलेला होता.

शारदासदनाची पार्श्वभूमी

दि. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण व निवारा देणे हा त्याचा हेतू होता. आर्थिक पाठबळ बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे होते आणि धर्माच्या बाबतीत संस्थेने तटस्थ राहावे अशी अट होती. मुलींना आपापले जातिनियम, सोवळेओवळे व व्रतवैकल्ये पाळण्याची मुभा होती. धोंडो केशव कर्वे यांच्याशी 1893 मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, याच सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी होत.

रमाबाई स्वतः 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. आगरकरांच्या 'सुधारका'ने रमाबाईंची बाजू घेतली. 1893 मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला व अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे म्हणजे धर्मप्रचार की केवळ स्वतःच्या घरातील आचरण, हा या वादाचा गाभा होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणास बोलावीत नाही, तसेच कोणास घालवूनही देणार नाही. सदनावरील पालकांचा विश्वास उडण्यास मात्र एवढेही पुरेसे ठरले.

दुष्काळ आणि नवे रहिवासी

1896–97 च्या दुष्काळाने हे चित्र पालटले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली व तरुण स्त्रिया त्यांनी आणल्या. 1870 च्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गमावून भावासह पायी देश हिंडलेल्या रमाबाईंना भुकेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. एवढ्या मोठ्या समुदायास शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावात आधी घेतलेल्या शेतजमिनीवर प्रथम तात्पुरता निवारा व नंतर पक्की वसाहत उभी राहिली. 1900 च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्तांची भर पडून रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

शारदासदनात पालकांनी आणून सोडलेल्या, अक्षरओळखीची आस असलेल्या विधवा होत्या. मुक्तिसदनात आलेल्या मुली वेगळ्या होत्या. दुष्काळग्रस्त मुलास एकदम पोटभर जेवू घालणे जिवावर बेतू शकते; थोडे थोडे, पातळ अन्न देत त्याची शक्ती परत आणावी लागते. डोक्यातील उवा, अंगावरील खरूज, अतिसार, डोळ्यांचे विकार यांवर उपचार करावे लागतात. उद्या जेवण मिळेल यावर भुकेल्या मुलाचा सहजी विश्वास बसत नाही. ते भाकरीचा तुकडा उशाखाली लपविते. तेव्हा दररोज ठरल्या वेळी घंटा वाजणे व ठरल्या वेळी पान वाढले जाणे यालाच उपचाराचे मोल येते. बाहेरच्या पाहुण्यास लष्करी वाटणारी शिस्त या मुलांच्या दृष्टीने निश्चिंततेची हमी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

काम, शिक्षण व परस्परसेवा

एवढ्या मोठ्या वसाहतीस पगारी नोकरवर्ग परवडणे शक्यच नव्हते. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुली येथे शिक्षिका व पालक झाल्या. लहान मुलींचे गट त्यांच्याकडे सोपविण्यात आले. गटातील मुलींना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, वर्गात नेणे, आजारपणात जागणे ही कामे त्यांचीच. कालपर्यंत घरात अपशकुनी ठरलेली, कोपऱ्यात बसविलेली बालविधवा येथे दहापंधरा मुलींची आई होत होती. सेवा ही संस्थेने मुलींवर केलेली मेहेरबानी राहिली नाही. ती मुलींच्या हातचे काम झाली. या बदलाचे महत्त्व तत्कालीन टीकाकारांच्या ध्यानी आले नाही, आणि पुष्कळशा स्तुतिपाठकांच्याही आले नाही.

दिवसाची विभागणी प्रार्थना, शाळा व हातकाम अशी असे. दळण, कांडण, स्वयंपाक व धुणे ही घरकामे पाळीपाळीने होत. त्याशिवाय शेती, दूधदुभते, भाजीचा मळा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण व भरतकाम असे उद्योग वाढत गेले. दौंड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतील. त्यामुळे विहिरी खोदणे हे आरंभीचे मोठे काम होते. लहान मुलांच्या शिक्षणात रमाबाईंनी अमेरिकेत अभ्यासिलेल्या फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा उपयोग केला.

या सर्वांत छापखान्याचा विशेष उल्लेख केला पाहिजे. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले होते. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रीस कळत नाहीत आणि त्यांना हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थच्छटा चिकटलेल्या असतात, अशी त्यांची तक्रार होती. हे काम त्यांच्या हयातीत अक्षरशः अखेरपर्यंत चालले आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये छापून झाला. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, फर्मे छापणाऱ्या व बांधणी करणाऱ्या स्त्रिया सदनातीलच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रियांनी चालविलेला छापखाना ही सामान्य गोष्ट नव्हती; मराठी मुद्रणाच्या इतिहासात तिला मिळालेली जागा फारच तोकडी आहे.

कालांतराने वसाहतीत निरनिराळी सदने झाली : समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंदसदन, अंधांसाठी बार्तीमीसदन. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. पंगतीत जातिभेद नव्हता. शारदासदनात सोवळ्याला दिलेली सवलत केडगावी उरली नाही. ही समता उपदेशातून आली त्यापेक्षा अधिक एका चुलीवरच्या अन्नातून आली.

प्रार्थना व सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य

मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. प्रार्थना, बायबलवाचन व भजने दिनचर्येच्या केंद्रस्थानी होती आणि बहुसंख्य मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, ज्या मुलीस अन्न, वस्त्र व माया एकाच हातून मिळते, ती त्या हाताचा धर्म कितपत मोकळेपणाने निवडू शकते?

हा प्रश्न रमाबाईंना अपरिचित नव्हता. इंग्लंडमधील वास्तव्यापासून अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. एका धर्मसत्तेच्या जाचातून सुटल्यावर दुसरीचे जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची त्यात ठाम भूमिका दिसते. कन्या मनोरमा हिला कोणत्या पंथाची शिकवण द्यावी हे ठरविण्याचा आईचा हक्कही त्यांनी तेथे हिरिरीने मांडला. केडगावच्या मुलींच्या वतीने असा वाद घालणारी आई मात्र हयात नव्हती. रमाबाई स्वतः त्यांची आई झाल्या व त्यांनी आपल्या श्रद्धेप्रमाणे मुली वाढविल्या. एका परीने हे स्वाभाविक होते, कारण कोणतेही घर श्रद्धांपासून रिते नसते. परंतु घर व संस्था यांत अंतर आहे. सत्ता जितकी प्रेमळ, तितका तिला नकार देणे कठीण, हे अंतर रमाबाईंच्या विरोधकांनी द्वेषापोटी मांडले म्हणून ते खोटे ठरत नाही.

आजची कायदेशीर चौकट

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न संस्थाचालकांच्या विवेकावर सोडण्याऐवजी कायद्याच्या कक्षेत आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) नुसार शासनमान्य अथवा अनुदानित शिक्षणसंस्थेतील अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने मुलाच्या विचार, सद्सद्विवेक व धर्म यांच्या स्वातंत्र्याचा हक्क मान्य केला आहे. निराधार मुलाच्या बाबतीत संमती देणारा पालकच नसल्याने पहिल्या तरतुदीपेक्षा दुसरीचे महत्त्व अधिक ठरते.

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार मुलांचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी अनिवार्य आहे आणि मुलास बालकल्याण समितीपुढे हजर केल्याखेरीज संस्थेत ठेवून घेता येत नाही. संस्थेतील वास्तव्य हा शेवटचा उपाय मानला असून कुटुंबात परत पाठविणे, दत्तक, प्रतिपालन व प्रायोजकत्व यांना अग्रक्रम आहे. 2016 च्या आदर्श नियमांत दिनचर्या मुलांच्या समितीशी विचारविनिमय करून ठरवावी व दर्शनी भागी लावावी, असे म्हटले आहे. रमाबाईंच्या काळी घंटा कोणी व केव्हा वाजवावी हे वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचे होते. आता त्याविषयी मुलाचे मत विचारणे नियमानेच आवश्यक झाले आहे.

एका बाबतीत मात्र जुनी व्यवस्था नव्या कायद्यापुढे प्रश्नचिन्ह उभे करते. अठराव्या वर्षी मुलास बालगृह सोडावे लागते. त्यानंतर सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. केडगावात वयाची अशी रेषा आखलेली नव्हती. दुष्काळात आलेल्या मुलींपैकी काहींची लग्ने झाली, काही शिक्षिका वा परिचारिका होऊन बाहेर पडल्या. काही तेथेच राहिल्या. त्यांनी नव्याने आलेल्या मुलींना न्हाऊमाखू घातले, त्यांची आजारपणे काढली आणि म्हातारपणी त्यांची काळजी घेण्यास त्या मुली होत्या.