आमच्या आजी-पणजींची नावे

आपल्या समाजातील जुन्या पिढीच्या स्त्रियांची नावे आठवून पाहिली, तर दगडी, धोंडी, भिकी, नकुशी ही नावे हमखास सापडतात. अशी नावे का ठेवली जात, हे आज विद्यार्थ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

याची कारणे दोन. त्या काळी मुले फार दगावत. नाव ओंगळ ठेवले म्हणजे मृत्यूची नजर बाळावर पडत नाही, अशी भोळी समजूत होती, आणि ती इतर जातींतही होती. दुसरे कारण जातिव्यवस्थेचे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील ३१ व्या श्लोकात शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे असे सांगितले आहे. चांगले नाव ठेवले तरी गावात हाक 'गंगी', 'भागी' अशीच येई. 'बाई' हा मान आपल्या स्त्रियांच्या वाट्याला येत नसे.

सर्वच नावे हिणकस होती असे नव्हे. नद्यांची व संतांची नावे घरोघर होती. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई, आत्या मीराबाई, भगिनी मंजुळा व तुळसा. माता रमाईंचे माहेरचे नाव रामी. मात्र बाबासाहेब व रमाईंच्या कन्येचे नाव इंदू होते. एका पिढीत झालेला हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

शिक्षण, शहरातील गिरणीकाम आणि चळवळ यांमुळे हा बदल पसरला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ व नीटनेटके राहण्याचा, हीनपणा दाखविणारे दागिने टाकण्याचा आणि मुलींना शिकविण्याचा उपदेश केला. ज्यांनी अंगावरील हीनतेची खूण टाकली, त्या मुलीच्या नावातील खूण कशी ठेवतील? शांता, सुलोचना, इंदिरा, सुशीला अशी नावे आपल्या घरांत रुळू लागली. शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ चा. 'माज्या जल्माची चित्तरकथा' या त्यांच्या आत्मकथनात लहानपणचे नाव 'नाजा' आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा ही नावे आली. त्यांची वाट आधीच्या पिढीने तयार केली होती.

तरीही काम संपलेले नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलगी नको ही भावना गेली नाही, तर नुसते नाव बदलून भागणार नाही.

विद्यार्थी मित्रांना आमची विनंती आहे की, आपल्या आजी-पणजींची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. ती सांगताना संकोच वाटू देऊ नका. ज्यांनी ती नावे सोसली, त्यांनीच आपल्या लेकींना चांगली नावे दिली. जय भीम!