धावण्याने गुडघे झिजतात काय?

पोलीस भरतीची चाहूल लागली की नांदेड-लातूर भागातील आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटेच रस्त्यावर उतरतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. काही सेकंदांनी गुण कमी होतात. अशा वेळी घरातली आई म्हणते, "बाळा, एवढं पळू नको, गुडघे झिजतील."

या माउलीला आम्ही दोष देणार नाही. तिचे स्वतःचे गुडघे दुखत असतात. पण ते पळून दुखत नाहीत. जन्मभर पाट्या वाहून आणि उकिडवे बसून खुरपून ते दुखतात.

मग खरे काय? अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज बेताने धावणाऱ्यांत शेकडा ३.५, बैठ्या लोकांत १०.२ आणि मोठ्या स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत १३.३ आढळली. ज्यांचे गुडघे चांगले तेच धावतात, हेही यामागे असू शकेल. पण धावणे म्हणजे झीज, हा समज टिकत नाही.

गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दबते, उचलला की सैल होते आणि सांध्यातील वंगण शोषून घेते. तिचे पोषण असे हालचालीतूनच होते. शिवाय वजन १ किलोने घटले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो.

आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे महार रेजिमेंटचे जवान. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक मिळवले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले, गुडघ्याला इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ही इजा पडण्याने झाली.

मुलांचा घात होतो तो घाईने. वर्षभर बसून राहायचे आणि जाहिरात निघाली की एकदम दोन्ही वेळा धावायचे! विनयपिटकात सोण भिक्खूची कथा आहे. अति चंक्रमणाने त्याचे तळपाय रक्ताळले. वीणेची तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये, असे भगवान बुद्धांनी त्याला समजावले आणि पुढे भिक्खूंना पादत्राणांची परवानगीही दिली. हाच मध्यम मार्ग मैदानावरही लागू पडतो.

म्हणून तरुण-तरुणींनो, जाहिरातीची वाट पाहू नका. आधी चाला, मग थोडे धावा, अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवा. मधे विश्रांतीचा दिवस ठेवा. मांड्या बळकट करणारा व्यायाम करा. झिजलेले, फाटके बूट वापरू नका. वेदनाशामक गोळी खाऊन मुळीच धावू नका. दुखणे दबते, इजा वाढते. गुडघा सुजला, अडकला किंवा लचकून दगा देऊ लागला, तर धावणे थांबवून नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ज्यांना आधीच संधिवात आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच धावावे.

आणि पालकांनो, मुलीला पहाटे मैदानावर जाऊ द्या. गुडघ्याच्या भीतीने तिची नोकरीची वाट अडवू नका. जमेल तर तिच्यासोबत आपणही चालायला निघा. जय भीम!